पिवळा १४ आणि पांढरा कागद

फोटोतल्या डिकल शीटचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचा कागद) रंग फिकट निळा होता आणि उजवा कोपरा जरासा दुमडलेला. घरी आलेल्या शीटचा कागद पांढराशुभ्र, चारही कोपरे ताठ. तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी मात्र 'अरे वा, फोटोपेक्षाही चांगली निघाली' म्हणून खूश झालो!

मी खऱ्याच्या १/४८ आकाराची विमानांची मॉडेल्स बनवतो. मेसरश्मिट बीएफ १०९ एफ-४ ट्रॉप, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाची उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटासाठीची आवृत्ती, बरेच दिवस मनात होतं. ते बनवायचं तर जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्सेयचं, पिवळ्या रंगात १४ आकडा असलेलं 'पिवळा १४'च. १५८ विमानं पाडल्याची त्याच्या नावावर नोंद आहे. ३० सप्टेंबर १९४२ ला इजिप्तमध्ये तो गेला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. किटमधली डिकल्स जुनी, पिवळी पडलेली. हवी ती शीट आता छापत नाहीत. अशात एकाने विक्रीच्या एका साइटवर 'ओरिजिनल, शेवटचा एक पीस' म्हणून फोटो टाकला. २,४०० रुपये. "सर, साइटवरून घेतलंत तर कमिशन जातं, थेट यूपीआय करा, दोनशे कमी करतो." केले. दोनशे रुपयांसाठी तक्रारीची वाट मी स्वतःच बंद करून घेतली.

डिकल लावायला घेईपर्यंत तीन आठवडे गेले. वाळूचा रंग मारून, वर ग्लॉस कोट (चकचकीत वार्निशचा थर) देऊन, तो नीट वाळेपर्यंत थांबलो होतो. पहिला क्रॉस (जर्मन विमानांवरची काळी-पांढरी खूण) कापून कोमट पाण्यात टाकला. अर्ध्या मिनिटात डिकल कागदावरून सुटायला हवं. सुटलं, पण वाटीतलं पाणी जांभळट झालं. काळ्याच्या कडा विरघळत होत्या. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई, आणि वरून वार्निशही नाही.

उरलेल्या शीटवर आधी क्लिअर वार्निश मारलं आणि मग '१४' लावून पाहिला. वाळूच्या रंगावर तो दिसेचना! खरी शीट स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. पिवळ्याखाली पांढरा थर असतो, म्हणून रंग उठून दिसतो. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाईच नसते. पारदर्शक फिल्मवर जिथे पांढरं हवं तिथे काहीच छापलं जात नाही. क्रॉसची पांढरी किनार, शेपटीपुढचा रुंद पांढरा पट्टा, सगळं पारदर्शक. पांढऱ्या कागदावर असेपर्यंत हे कळायची सोय नाही, खाली कागदच पांढरा. शीट फिकट निळ्या कागदावर छापतात ती एवढ्यासाठीच, की पांढरं डोळ्यांना दिसावं.

मग भिंग काढलं. पिवळ्यात बारीक रंगीत ठिपके. सुकाणूवर शंभराच्या आकड्याभोवती पानांची माळ असते, तिचा नुसता डाग झालेला. पंखावर 'नुर हियर बेट्रेटन' (पाय फक्त इथेच द्या) अशी इवलीशी सूचना असते, तिथे मुंग्या चिरडल्यासारखं काहीतरी. आणि सगळ्या शीटभर एकच सलग फिल्म. चांगल्या छापलेल्या शीटवर बहुतेक वेळा प्रत्येक खुणेभोवती फिल्मची वेगळी कड असते. शीट तिरकी धरली की उजेडात चमकते. गंमत म्हणजे शेपटीवरचं नाझी स्वस्तिक दोन तुकड्यांत होतं. जर्मनीत ते चिन्ह मिरवायला कायद्याने बंदी, म्हणून बऱ्याच शीटवर ते असं तोडून देतात किंवा गाळतात. पठ्ठ्याने स्कॅन करताना तेही इमानेइतबारे उचललं होतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, तुमचं पाणी गरम असेल." मग, "डिकल सॉफ्टनर कुठलं वापरलं?" (डिकल मऊ करायचं द्रावण.) मी भिंगातून काढलेले फोटो पाठवले आणि एवढंच विचारलं, "यात पांढरी शाई कुठे आहे?" त्यानंतर नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक दिला. पैसे अजून आलेले नाहीत.

आता कुणाकडून जुनी शीट घ्यायची झाली तर मी आधी व्हिडिओ मागतो: शीट हातात धरून, उजेडात तिरकी करत, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी. खरी शीट ज्याच्याकडे आहे त्याला हे करायला अर्धं मिनिट लागतं. दोघांनी 'बघतो' म्हणून परत फोनच केला नाही.

परवा वेगळ्या नावाने एक जाहिरात दिसली. 'शेवटचा एक पीस.' फिकट निळा कागद, उजवा कोपरा जरासा दुमडलेला.