टॅबमधला धर्म: ५ पैकी २ तारे

कुटुंब-सर्वेक्षणासाठी एका कंपनीचं हे ॲप नागपूर आणि गडचिरोलीत तीन महिने वापरलं. बॅटरी दिवसभर पुरते, रेंज नसली तरी फॉर्म सेव्ह होतो. दोन तारे त्याचेच.

घोडं अडतं धर्माच्या पानावर. नागपुरातल्या इंदोरा वस्तीत एका घरी भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि ५६ साली दीक्षाभूमीवर गेलेल्या आजोबांचा फोटो. ‘बौद्ध’ दाबलं, तर पुढच्या पानावर ‘अनुसूचित जाती’ हा पर्यायच गायब! घरच्या दादांनी फायलीतून जातीचा दाखला काढून टॅबशेजारी ठेवला. ‘‘काय करून राहिल्या ताई, हे पाहा ना!’’ दाखवणार कोणाला? अनुसूचित जाती कोणाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात धर्माची अट हिंदूंपुरती होती, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ॲप बनवणारा बहुधा १९९० च्या आधीच झोपला. ‘हिंदू’ दाबलं की पर्याय परत येतो. ते मी करणार नव्हते, फॉर्म अर्धाच ठेवला.

आणखी एक खोड: कुटुंबप्रमुखाचा धर्म सगळ्यांना आपोआप चिकटतो. ख्रिश्चन सून समोर बसून चहा देतेय आणि टॅबमध्ये ती सासऱ्यांच्या धर्माची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या कुटुंब-प्रश्नावलीतही प्रमुखाचा धर्म विचारतात, पण निदान ‘धर्म नाही’ असा पर्याय तरी असतो. इथे तोही नाही.

धानोरा तालुक्यात एका गोंड आजींना धर्म विचारला. त्यांनी नातवाकडे पाहिलं. तो कॉलेजात शिकतो, म्हणाला, ‘‘कोया पुनेम लिहा.’’ म्हणजे गोंडांचा स्वतःचा पारंपरिक धर्म. यादीत सहा धर्म आणि ‘इतर’. टाइप करायला जागा नाही. २०११ ला मी जनगणनेचं काम केलं होतं. तेव्हा कागदावर सहा धर्मांना १ ते ६ आकडे होते आणि बाकी कोणाचाही धर्म आकडा न टाकता पूर्ण नावाने लिहायचा होता. त्या रिकाम्या रकान्यामुळेच देशात ‘सरना’ हा आदिवासींचा धर्म लिहिणारे सुमारे ४९.६ लाख लोक मोजले गेले. या ॲपमध्ये ते सगळे ‘इतर’ झाले असते.

हेल्पलाइनला फोन केला. ‘‘मॅडम, ‘इतर’ टाका, डेटा क्लीनिंगमध्ये बघू.’’ पण नावच लिहिलं नाही तर बघणार काय, कपाळ?

शेवटी टाइप करता येणारी एकच चौकट सापडली, पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नाखाली. तिथे लिहिलं: ‘हातपंप, ५ मिनिटांवर. धर्म कोया पुनेम.’