माती उपसायची की वाफ ओढायची?

मेव्हण्याने बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची जागा घेतली. टाकी वर काढली तर बुडाला गंजून बोटभर भोक, खालचा मुरूम राखाडी, डोकं उठेल असा वास. आता माती उपसून टाकायची, की बोअर मारून पंपाने जमिनीत मुरलेल्या इंधनाची वाफ ओढायची, यावर घरात दोन तट पडलेत.

वेळेत उपसणं सरस. जेसीबी लावला की आठ-पंधरा दिवसांत खड्डा मोकळा. वाफ ओढायला वर्ष, कधी दोन-तीन वर्षंही जातात.

खर्च ठरतो खोलीवर. दोन-तीन मीटरपर्यंत उपसा परवडतो. त्याखाली कडा धराव्या लागतात, शेजारच्या भिंतीचा पाया सांभाळावा लागतो. शिवाय ती माती भरावाला टाकता येत नाही, घातक कचऱ्याच्या प्रकल्पात टनावर पैसे मोजून न्यावी लागते. ("बागेला चालेल की" म्हणणाऱ्याला आधी ती हुंगायला द्या.) वाफेला पंप, कोळशाचा फिल्टर आणि दरमहा वीजबिल.

खरा निकाल जमीन देते. चिकण काळ्या मातीतून हवा खेळत नाही, भुसभुशीत मुरमातून खेळते. पेट्रोल चटकन उडतं, डिझेल नाही. गळती पाण्याला भिडली असेल तर दोन्ही अपुरे: इंधन पाण्यावर तरंगतं, पण त्यातलं बेंझीन हे कॅन्सरला कारण ठरणारं रसायन विरघळून कातळाच्या भेगांतून पुढे सरकतं. आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटना लिटरला फक्त 10 मायक्रोग्रॅम बेंझीन चालवून घेते.

उथळ गळती, डिझेल किंवा चिकण माती, बांधकामाची घाई असेल तर उपसा. खोल मुरलेलं पेट्रोल, वर इमारत उभी असेल तर वाफ. मेव्हण्याने मात्र आधी शेजारच्या विहिरीचं पाणी तपासायला द्यावं.