अपघाती मृत्यूची भरपाई: कलम १६४ की १६६?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूसाठी ठरलेले ५ लाख रुपये, विषय संपला.

कलम १६६ मध्ये समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम कमाईवर ठरते. समजा, रावेरकडे केळीच्या गाड्या भरणारा ३२ वर्षांचा मजूर, महिना १२,००० रुपये. मागे बायको, दोन मुलं, आई. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून १६,८००. चार जण अवलंबून, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १२,६००. वर्षाचे १,५१,२००; त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने गुणायचं; ३२ व्या वर्षी तो १६. झाले २४,१९,२००. अंत्यविधी, घरच्यांनी गमावलेला सहवास वगैरेचे पैसे वेगळे.

गाडं अडतं ते कमाईच्या पुराव्यावर. रोजंदारीची नोंद नसेल तर न्यायाधिकरण (अपघाताचे दावे ऐकणारं न्यायपीठ) अंदाजाने आकडा धरतं, तो बहुधा कमीच असतो. म्हणून मुकादमाची हजेरीवही, बँक पासबुक आधी जमवा. पंचनाम्यात मृताचीही चूक दिसली तर तेवढी टक्केवारी कापली जाते.

अपघात सुरतेकडे झाला तरी अर्ज जळगाव-धुळ्यात, राहत्या ठिकाणी चालतो.

घाईत मात्र सही करू नका: विमा कंपनीकडून १६४ ची रक्कम स्वीकारली, की १६६ चा दावा संपतो. घरात कमावता गेला असेल, तर आमच्या मते १६६ च.