चहाचा माल: शिडाचं जहाज की आगबोट?

१८६६ साली चीनच्या फुचौहून लंडनला चहा पाठवायचा तर दोन पर्याय होते. पहिला क्लिपरचा, म्हणजे वेगवान शिडाच्या जहाजाचा. त्या वर्षीच्या शर्यतीत ‘टायपिंग’ आणि ‘एरियल’ ९९ दिवसांनी एकाच भरतीला लंडनच्या गोदीत शिरली, तीही अर्ध्या तासाच्या आत! वारा फुकट, पोटात फक्त माल. पण पोहोचण्याची तारीख वाऱ्याच्या मर्जीवर.

दुसरा पर्याय आगबोटीचा. तोवर ती लांबच्या मालवाहतुकीत हरतच होती, कारण कोळसाच मालाची जागा खायचा. इंग्रज जहाजमालक आल्फ्रेड होल्टच्या ‘अगामेम्नॉन’ या आगबोटीने त्याच वर्षी हे गणित फिरवलं. तिच्या इंजिनात तीच वाफ दोनदा कामाला लागे: आधी लहान, मग मोठ्या सिलिंडरात. कोळसा बराच वाचला, मालाला जागा झाली.

तरी खरा घाव घातला सुएझ कालव्याने. नोव्हेंबर १८६९ मध्ये तो खुला झाला आणि पाचच दिवसांनी चहासाठी बांधलेली ‘कटी सार्क’ ही क्लिपर पाण्यात उतरली. बिचारीचा मुहूर्तच चुकला. कालव्यातून शिडाचं जहाज ओढून न्यावं लागे, पुढे तांबड्या समुद्रातले वारेही नडत. आफ्रिकेचा वळसा फक्त आगबोटीचा वाचला.

चहापुरतं माझं मत आगबोटीला. ऑस्ट्रेलियाची लोकर किंवा चिलीचं नायट्रेट असेल तर मात्र शीडच बरं. तिथे ते पुढेही कितीतरी वर्षं टिकलं. आणि गंमत म्हणजे, दूरच्या बंदरांत आगबोटींसाठी लागणारा कोळसाही अनेकदा शिडाचीच जहाजं पोहोचवत.