फोर्टची वारसाफेरी : दगडांना न्याय, कापसावर अन्याय

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते काळा घोडा या रविवारच्या वारसाफेरीला गेल्या महिन्यात आम्ही दोघे गेलो होतो. माणशी ५०० रुपये, सकाळी साडेसातची वेळ आणि अडीच तासांची पायपीट. मी वर्षानुवर्षे याच स्थानकातून लोकल पकडली आहे, पण मान वर करून ही इमारत पाहिली ती त्या दिवशीच.

पहिला पाऊण तास निव्वळ सुरेख गेला. मार्गदर्शक तरुणाने फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचे नाव एकदाच घेतले आणि आम्हाला थेट फाटकाच्या खांबांसमोर नेले. एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चाललेल्या या बांधकामातले बरेचसे कोरीव काम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे.च्या, विद्यार्थ्यांनी केले आहे, हे त्याने पाने, माकडे आणि मोर एकेक करून दाखवत सांगितले. दर्शनी भिंतीवरच्या गोलाकार शिल्पांत जगन्नाथ शंकरशेट यांचा चेहरा त्याने आम्हालाच शोधायला लावला. कबुतरांच्या विष्ठेतून तो सापडला तेव्हा सौभाग्यवतींनी चक्क टाळी वाजवली. समोरची १८९३ ची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, पण ती रस्ता ओलांडता ओलांडताच आटोपली.

माझी तक्रार ओव्हल मैदानापाशी सुरू होते. मुंबई विद्यापीठातल्या राजाबाई टॉवर या घड्याळाच्या मनोऱ्याचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, ही माहिती रंजक आहे. मनोऱ्याला आईचे नाव देणाऱ्या प्रेमचंद रायचंद या कापूस-व्यापाऱ्याच्या मातृभक्तीची गोष्टही गोड आहे आणि ती दहा मिनिटे रंगली. परंतु त्यांच्याकडे मनोऱ्यासाठी आणि ग्रंथालयासाठी चार लाख रुपये देण्याइतका पैसा आला कुठून, हे मात्र राहूनच गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच इथल्या सट्टेबाजांसह प्रेमचंदही बुडाले. त्याच दशकात फोर्टमधल्या जुन्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेलगत या इमारतींची रांग उभी राहिली. एवढी पार्श्वभूमी नसेल तर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला हा परिसर केवळ फोटोपुरता उरतो. मी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळाले, पण तेही घड्याळाकडे पाहत.

पुढे वॉटसन हॉटेलपाशी जेमतेम पाच मिनिटे मिळाली. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून इथे जोडलेली ही वास्तू. ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रे, म्हणजे सिनेमा, इथेच दाखवला गेला. तीस जणांच्या घोळक्यात मागच्यांना यातले काहीही ऐकू आले नाही. इतक्या माणसांसाठी साधा गळ्यात अडकवायचा ध्वनिवर्धकही नसावा, हे मला पटले नाही. शिवाय जाहिरातीत मराठी फेरी म्हटले होते, प्रत्यक्षात निम्मे निवेदन हिंदीत झाले.

तरीही स्थानकाच्या त्या पाऊण तासासाठी मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. जाणाऱ्यांनी दुर्बीण सोबत ठेवावी, मार्गदर्शकाच्या अगदी पुढ्यात उभे राहावे आणि कापसाचा प्रश्न ओव्हलला पोहोचण्याआधीच विचारून घ्यावा.