‘द स्टँड’: १९७८ची प्रत की १९९०ची?
डिसेंबर २०२० मध्ये ‘द स्टँड’ची नऊ भागांची मालिका आली. ती बघण्याआधी स्टीफन किंगची मूळ कादंबरी वाचायची, पण कुठली आवृत्ती, यावर मैत्रिणीचं घोडं अडलंय.

वेळेच्या हिशेबात जुनी सरस. नवीत जुनीतून गाळलेली सुमारे चारशे पानं परत आली आहेत. वेगही जुनीलाच. ती थेट सुरू होते: टेक्सासमधल्या पेट्रोलपंपावर गाडी येऊन धडकते, आणि जीवघेण्या फ्लूची साथ गावात शिरते.

पण भीती मोठीत खोल मुरते. साथीतून वाचलेलं पाच वर्षांचं पोर एकटं भटकताना विहिरीत पडतं. ते प्रकरण जुनीत नाहीच. मला ते अजून छळतं.

महिनाभर हाताशी असेल तर मोठीच घे. मालिकेपुरती कथा हवी असेल तर जुनी पुरते. ती मात्र बहुधा जुन्या पुस्तकांच्या ढिगातच शोधावी लागेल.