ब्रेसेस, एफएसए आणि ‘सेवेची तारीख’: 14 महिन्यांनंतर

एफएसए म्हणजे अमेरिकेत नोकरीतून मिळणारं खातं: कर लागण्याआधीच पगारातून पैसे कापून उपचारांसाठी बाजूला ठेवायचे. त्याहून जास्त सांगत बसत नाही. ओपन एनरोलमेंटमध्ये (विमा वगैरे निवडायचे वर्षातले ते दिवस) दर वर्षी तो रकाना रिकामा सोडणाऱ्यांसाठी लिहितेय, मीही त्यातलीच होते.

लेकीच्या ब्रेसेसचं बिल 5,800 डॉलर. डेंटल इन्शुरन्सचे आयुष्यात एकदाच मिळणारे 1,500 वजा जाता 4,300 आमच्या बोकांडी. 2025 साठी एफएसएत कमाल मर्यादेइतके, 3,300 लावले. फेब्रुवारीत 1,000 डाउन पेमेंट, मग 150 चे 22 हप्ते. पहिल्यांदा एफएसएचं कार्ड चाललं, मी खूश. तीन आठवड्यांनी एफएसएवाल्यांचं पत्र: पावती द्या, नाहीतर कार्ड बंद. कार्डाची स्लिप पाठवली. ती चालत नाही म्हणे. पेशंटचं नाव, उपचार आणि ‘सेवेची तारीख’ हवी.

फॉर्मवरच्या या ‘सेवेची तारीख’ चौकटीने माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं पोरीने चिक्की सोडतानाही खाल्लं नाही. अहो, तारा चोवीस तास दातांवर आहेत, कुठली तारीख घालू? अपॉइंटमेंट सहा-आठ आठवड्यांनी, हप्ता दर महिन्याला. एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट नव्हती, क्लेम नामंजूर! तीन फोन, दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण. चौथ्या फोनवरच्या बाईंनी विचारलं, ऑर्थोडॉन्टिस्टचा करार अपलोड केलात का? एका पानाचा कागद: एकूण रक्कम, इन्शुरन्सचा वाटा, हप्ते, तारा बसवल्याची तारीख. तो चढवला आणि पुढचं सगळं मुकाट मंजूर.

तोवर एफएसएला एकच स्टार देणार होते. डिसेंबरात मत फिरलं. खात्यात 800 उरलेले, पुढच्या वर्षात नेता येणार 660, म्हणजे 140 बुडीत. तेव्हा कळलं की ऑर्थोडॉन्टियाला, म्हणजे दात सरळ करायच्या उपचारांना, आयआरएसचा (अमेरिकेचं कर खातं) अपवाद आहे: उपचार पुढे व्हायचे असले तरी पैसे भरले त्या दिवशीचा खर्च धरतात. 800 आगाऊ भरले, तिसऱ्या दिवशी एफएसएतून परत बँकेच्या खात्यात.

केंद्राच्या करात 22 टक्के आणि वर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे 7.65, म्हणजे 3,300 वर साधारण 980 वाचले. न्यू जर्सी मात्र राज्याचा कर सोडत नाही. आई म्हणते दात कोरून पोट भरत नाही. आमचं थोडंफार भरलं.

2026 साठी राहिलेले 1,000 च लावले. जानेवारीत पगारातून छदामही कापला नव्हता, तरी बाकीचे हप्ते एकदम भरून अख्खे हजार मिळाले. तीन स्टार, चला.

परवा डॉक्टर म्हणाले, तारा दिवाळीआधीच निघतील. रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर ठेवायला घालतात तो) करारात नाही, त्याचे 400 वेगळे. आणि मी लावलेत मोजून हजार.